तांबड्या पेशी बनायच्या थांबल्या तेव्हा

“तुमच्या शरीरात तांबड्या पेशी तयार व्हायचंच थांबलंय,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. बोन मॅरोचा रिपोर्ट त्यांच्यासमोर उघडा होता. “कमी होतायत असं नाही. जवळजवळ होतच नाहीयेत.”

त्यांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी, माझे मिस्टर अजित आणि कुरुंदवाडहून आलेला माझा थोरला भाऊ. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. अजितनी माझा हात धरला होता आणि तो सोडायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. अण्णाला गप्प बसवेना.

“मॅडम, कॅन्सर हाय का न्हाय, तेवढं पैलं सांगा की.”

“ब्लड कॅन्सर नाही,” मॅडम म्हणाल्या. “ह्याला प्युअर रेड सेल अप्लेझिया म्हणतात. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रक्ताच्या सगळ्या पेशी बनतात. ह्यांच्या पांढऱ्या पेशी बनतायत, प्लेटलेट बनतायत. फक्त तांबड्यांचं काम बंद पडलंय.”

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. तांबडी पेशी साधारण चार महिने जगते, मग मोडते आणि तिच्या जागी नवी येते, हे वाक्य मी किती वर्गांना सांगितलं असेल त्याचा हिशेब नाही. त्यामुळं मॅडमनी पुढं काही सांगायच्या आधीच मला उमगलं. जुन्या पेशी रोज मरत होत्या आणि नवी एकही येत नव्हती. म्हणजे मी बसल्या जागी संपत चालले होते.

हे मी लिहिते आहे ते तुमच्यापैकी कुणाच्या घरात रक्त कमी झालेलं माणूस असेल म्हणून. आपल्याकडं हिमोग्लोबिन कमी झालेली बाई काही नवलाची नाही. म्हणूनच माझं खरं दुखणं सापडायला वेळ लागला.

सुरुवात भाद्रपदात झाली. आम्ही जैन. दसलक्षण पर्वात माझ्या सासूबाई आणि मी मिळून एकाशन करतो, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या वर्षी पर्व संपलं, पारणं झालं, पण माझा थकवा गेला नाही. शाळेचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागायचं. उशीवर कान टेकला की आत कुणीतरी भाता चालवतंय असा आवाज यायचा. तो माझ्याच नाडीचा आवाज होता.

एकदा खडू हातात धरून मी फळ्याशी उभी होते. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, तुमची बोटं खडूसारखी दिसायलीत.” वर्ग हसला. मीही हसले. पण मधल्या सुट्टीत आरशासमोर खालची पापणी ओढून बघितली. आत लाल असायला हवं तिथं फिक्कट पिवळसर होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सीबीसी करायला सांगितली. सीबीसी म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी. हिमोग्लोबिन सहा. बाईमाणसाला बाराच्या आसपास हवं. “उपवास, शाकाहार, वय,” डॉक्टर म्हणाले, “लोह कमी पडलंय.” त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांना दोष देत नाही. शंभरातल्या बहुतेक बायकांचं दुखणं तेच असतं.

मग घरात सुरू झालं. बीट, खजूर, पालक, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी. शेजारच्या काकूंनी डाळिंबं पाठवली. शाळेतल्या मैत्रिणीनं कसलंसं टॉनिक आणून दिलं. आत्ती रोज सकाळी बिटाचा रस घेऊन समोर उभ्या राहायच्या आणि पेला रिकामा होईपर्यंत हलायच्या नाहीत. त्या काही बोलत नसत, पण त्यांचं जेवण कमी झालं होतं. एकाशनाचा आग्रह त्यांचा होता, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन वाढायचं सोडून पाचाच्या खाली आलं होतं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जायचं ठरलं, पण त्याच दिवशी दुसऱ्या तासाला मी वर्गात कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होते आणि नाकाशी ऑक्सिजन होता.

अण्णा दुपारी पोचला. ऊसतोडीची तयारी टाकून आला होता. त्याचा आवाज मुळातच मोठा. व्हरांड्यात तो आत्तींना बोलत होता ते मला आत पडल्या पडल्या ऐकू येत होतं.

“आत्ती, तुमच्या उपासानं माझी भन हितं आलीया. म्हयना झाला बिटाचा रस पाजताय. बिटानं रक्त व्हतंय व्हय?”

अजित म्हणाले, “अण्णा, हळू बोला.”

“का हळू बोलू? वैशे, ऐकतीस का गं? उद्यापास्नं अंडी खा. औषध म्हणून खा. पाप लागलं तर मला लागू दे.”

आत्ती घरी गेल्या आणि दोन दिवस हॉस्पिटलकडं फिरकल्या नाहीत. अजित सांगत होते की त्या देवघरासमोर बसून असतात. मला बोलायचं होतं, पण एक वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागत होता.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा रक्त चढवलं. ट्रान्सफ्यूजन म्हणतात त्याला. पिशवीतलं रक्त नळीतून थेंब थेंब उतरताना बघत होते. थंडी वाजली, पांघरूण घेतलं. दुसरी पिशवी संपता संपता कानातला भाता थांबला. समोरच्या भिंतीचा रंग हिरवा आहे हे मला तेव्हा दिसलं. कुणाचं तरी रक्त होतं ते. कुणाचं, हे मला कधीच कळणार नाही.

चार दिवसांनी घरी गेले. जिना चढले. आत्तींच्या हातचा आमटी-भात खाल्ला. सगळ्यांना वाटलं, संपलं. तीन आठवड्यांत मी पुन्हा पांढरी पडले, पुन्हा भरती झाले, पुन्हा रक्त चढवलं.

आता डॉक्टरांनी रक्त गळतंय का ते शोधायला सुरुवात केली. घशातून नळी घालून एंडोस्कोपी झाली, म्हणजे जठराची आतून तपासणी. मग कोलोनोस्कोपी, मोठ्या आतड्याची. कुठं जखम नाही, गाठ नाही, थेंबभर रक्त गळत नाही. लोह तपासलं तर ते कमी नव्हतंच. उलट जास्त होतं. बी ट्वेल्व्ह थोडं कमी होतं, त्याची इंजेक्शनं झाली होती, तरी फरक नाही.

तेव्हा मला रक्तविकारांच्या डॉक्टरांकडं, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टकडं पाठवलं. त्याच ह्या मॅडम. चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळे कागद चाळले आणि विचारलं, “रेटिक केलाय का?”

कुणीच केला नव्हता. रेटिक्युलोसाइट काउंट म्हणजे रक्तातल्या अगदी नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी. मॅरो काम करतोय की नाही, हे ती साधी तपासणी सांगते. रक्त कमी झालं की निरोगी मॅरो धडपडून नव्या पेशी पाठवतो, त्यामुळं हा आकडा वाढायला हवा. माझा जवळजवळ शून्य आला.

दुसऱ्याच दिवशी बोन मॅरो तपासणी ठरली. ह्या तपासणीला बरेच जण घाबरतात, म्हणून नीट सांगते. मला कुशीवर झोपवलं. कमरेच्या मागच्या हाडापाशी भूल दिली, त्याचं इंजेक्शन चावलं. नंतर सुई हाडात गेली तेव्हा दुखलं नाही, फक्त कुणीतरी जोरानं दाबतंय असं वाटलं. दुखतं ते मॅरो ओढून घेताना. मांडीतून पायापर्यंत कळ ओढली गेल्यासारखं होतं. मी उशीची खोळ दातांत धरली. मॅडम म्हणाल्या, “आता ओढते, श्वास सोडा,” आणि श्वास सुटेपर्यंत कळ गेलेली होती. तेवढंच.

रिपोर्ट यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात मी फोनवर काय काय वाचलं ते सांगत नाही. तुम्ही वाचू नका, एवढंच सांगते. रिपोर्ट आला, आम्ही तिघं त्या खोलीत बसलो आणि मी सुरुवातीला लिहिलं ते मॅडम बोलल्या.

अण्णानं पुढचा प्रश्न विचारला. “मग हे उपासानं झालंय का?”

“तुम्ही काय करता?” मॅडमनी उलट विचारलं.

“शेती हाय. ऊस.”

“मग बघा. कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागलीय, पण आत गाळपच बंद आहे. लोह भरपूर आहे ह्यांच्याकडं. आणखी गाड्या पाठवून काय होणार? उपास केला म्हणून गाळप बंद पडत नाही. आणि अंडी खाऊन सुरूही होत नाही.”

अण्णा खाली बघत राहिला. माझा हा भाऊ कुणापुढं मान खाली घालणारा नव्हे.

त्याच संध्याकाळी तो आमच्या घरी गेला. मी अजून हॉस्पिटलातच होते, अजितनी मला सांगितलं. चपला न काढता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “आत्ती, मी बोललो ते चुकीचं हुतं. डाक्टरीनबाईनं सांगितलं, उपासाचा संबंध न्हाय. मला माफ करा.” आत्तींनी त्याला पाणी दिलं. मग म्हणाल्या, “चपला काढून आत ये की. दारातनं कसली माफी मागतोस?” दोघं जेवायला एकत्र बसले. दुसऱ्या दिवशी आत्ती माझ्या कॉटशी आल्या, माझा पदर नीट केला आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.

पण कारण अजून सापडायचं होतं. मॅडमनी आम्हाला एक एक समजावून सांगितलं. मॅरोनं तांबड्या पेशी बनवणं सोडण्याची कारणं बरीच असतात. काही औषधांनी होतं. पार्व्होव्हायरस नावाचा विषाणू ह्या पेशींची बीजंच मारतो. शरीराची संरक्षण यंत्रणा, जिला इम्यून सिस्टिम म्हणतात, चुकून आपल्याच पेशींवर उलटते. कधी रक्ताचा दुसरा आजार त्यामागं असतो. मूत्रपिंडं निकामी झाली तर त्यांच्याकडून मॅरोला जाणारा निरोपच थांबतो. “प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे,” मॅडम म्हणाल्या, “म्हणून गोळी द्यायची घाई करणार नाही.”

माझी मूत्रपिंडं ठीक होती. विषाणू नव्हता. तसलं कुठलं औषध मी घेत नव्हते. मग छातीचा सीटी स्कॅन झाला.

फिल्म उजेडावर लावून मॅडमनी बोट ठेवलं. छातीच्या मधल्या हाडामागं, हृदयाच्या वर, लिंबाएवढी सावली होती.

“ही थायमसची गाठ आहे. थायमोमा. थायमस ही लहानपणी काम करणारी ग्रंथी. आपल्या संरक्षण पेशींची तालीम तिथं होते. मोठेपणी ती आक्रसून जाते. तुमच्या तिथं गाठ झालीय आणि तिथून चुकीची तालीम मिळालेल्या पेशी तुमच्या मॅरोवर हल्ला करतायत, असा माझा अंदाज आहे.”

“काढता येते?” अजितनी विचारलं.

“काढायलाच हवी. ती पसरूही शकते.”

माझी मुलगी मृणाल पुण्याला शिकते. तिला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आई, मी निघते.” मी परीक्षा दे म्हटलं. ती संध्याकाळी दारात होती.

ऑपरेशनच्या आधी न्यूरॉलॉजिस्टनं तपासलं. थायमोमा असलेल्या काही जणांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार असतो. त्यात पापण्या पडतात, गिळायला त्रास होतो आणि भूल दिल्यावर श्वास घ्यायला अडचण येऊ शकते. मला छताकडं एकटक बघायला लावलं. माझ्या पापण्या टिकल्या. रक्तातली तपासणीही चांगली आली.

सगळं ठरलं आणि रक्तानं अडवलं.

ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन वर आणायला तीन पिशव्या हव्या होत्या आणि ऑपरेशनसाठी आणखी राखून ठेवायच्या होत्या. रक्तपेढीतून निरोप आला की एकही पिशवी जुळत नाही. माझा रक्तगट अगदी साधा, बी पॉझिटिव्ह. पण सारखं परक्याचं रक्त घेतल्यानं माझ्या शरीरानं त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या होत्या. म्हणजे रक्तगट तोच असला तरी त्यातल्या बारक्या खुणा माझं शरीर आता ओळखत होतं आणि नाकारत होतं. जुळत नसलेलं रक्त चढवलं असतं तर ते आतच फुटलं असतं.

हिमोग्लोबिन चारावर आलं. ऑपरेशन पुढं ढकललं. मला बाथरूमपर्यंतही जाऊ देत नव्हते. छातीत धडधड इतकी की कॉट हलतेय असं वाटायचं. मृणाल माझ्या पायाशी बसायची आणि मला कळणार नाही अशा बेतानं मॉनिटरकडं बघायची. मला कळत होतं.

आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीतून पोरं आली, फुटबॉल खेळणारी. अजितचं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप तिथंच आहे, त्यामुळं सगळे ओळखीचे. “वैनी, पायजे तेवढं काढा आमचं,” म्हणून रांग लावून उभी. अनेकांचं रक्त तपासलं. कुणाचंच जुळलं नाही. तरी त्यांनी ते पेढीत दिलं. “दुसऱ्या कुणाला तरी हुईल की,” त्यांच्यातला एक म्हणाला.

रक्तपेढीच्या डॉक्टरांनी माझ्या अँटीबॉडीचा प्रकार ओळखला आणि आसपासच्या पेढ्यांना फोन केले. मिरजेच्या एका पेढीत जुळतील अशा पिशव्या निघाल्या. अजित आणि अण्णा बर्फाचा डबा घेऊन अण्णाच्या गाडीतून निघाले.

जाताना अडचण आली नाही. परत येताना हातकणंगल्याच्या पुढं त्यांची गाडी अडकली. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. उसानं भरलेल्या एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. ऊस सगळीकडं पसरलेला, दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग. इकडं माझी ऑक्सिजनची पातळी खाली येत होती. मृणाल फोन करत होती आणि अजित तेच तेच सांगत होते, “निघतोय, निघतोय.”

पुढचं मला अण्णानं नंतर सांगितलं. तो डबा छातीशी धरून गाडीतून उतरला आणि आडव्या ट्रॉलीपर्यंत चालत गेला. तिथं ऊस उचलणाऱ्या माणसांना म्हणाला, “पावणं, ह्यात माझ्या भनीचं रक्त हाय. एका गाडीपुरती वाट करा.” एवढंच. माणसं मोळ्या टाकून धावली. कुणी पलीकडच्या जीपवाल्याला थांबवलं, “ह्यास्नी घिऊन फिर माघारी,” म्हणालं. अण्णा आणि अजित आपली गाडी तिथंच टाकून, उसावरनं पाय देत पलीकडं गेले आणि त्या अनोळखी जीपमधून कोल्हापुरात आले. जीपवाल्याचं नावही विचारायचं राहिलं.

अण्णा वॉर्डात शिरला तेव्हा त्याच्या पायात एकच चप्पल होती. सिस्टरनं डबा घेतला. पुन्हा जुळणी तपासून पिशवी लावली. पहिली पंधरा-वीस मिनिटं सिस्टर माझ्यापासून हलली नाही, काही उलटं होतंय का बघत. काही झालं नाही. अण्णा भिंतीला टेकून खाली बसला आणि मान गुडघ्यांत घातली.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. छातीचं मधलं हाड उभं कापून गाठ काढली. सर्जन अजितना म्हणाले, “गाठ तिच्या वेष्टणातच होती, आजूबाजूला शिरलेली नाही. पूर्ण निघालीय.” मी आयसीयूमध्ये जागी झाले तेव्हा घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. खोकला आला की उशी छातीवर घट्ट दाबून धरायची, हे तिथं शिकले. कुणाचं असं ऑपरेशन होणार असेल तर घरूनच एक लहान घट्ट उशी घेऊन जा. त्या दिवसांत मला दुसऱ्या कशाचा एवढा आधार झाला नाही.

घरी आले तेव्हा आत्तींनी ओवाळलं. सगळे म्हणत होते, मूळच काढलं, आता रक्त होणार.

झालं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला कानातला भाता पुन्हा सुरू झाला. मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. आत्ती तिळगूळ करत होत्या, मृणाल सुट्टीला आली होती, अजित कितीतरी महिन्यांनी शीळ वाजवत होते. तिसऱ्या दिवशी मृणालनं माझा तळहात उलटा करून बघितला आणि हातातलं काम टाकून गाडीची किल्ली शोधायला लागली.

हिमोग्लोबिन साडेपाच. रेटिक पुन्हा शून्याच्या जवळ.

सगळ्या आजारात मी खचले ती त्या दिवशी. छाती कापून झाली होती, आता आणखी काय कापणार? मॅडमना मी विचारलं, “गाठ गेली ना? मग का?”

“गाठ गेली, पण तिनं चुकीचं शिकवून सोडलेल्या पेशी अजून अंगात फिरतायत,” त्या म्हणाल्या. “बऱ्याच जणांत असं होतं. मी आधी सांगितलं होतं, पण आनंदाच्या वेळी ते ऐकलं जात नाही. आता त्या पेशींना शांत करायचं. सायक्लोस्पोरिन देते. संरक्षण यंत्रणेला लगाम घालणारं औषध आहे. दोन-तीन महिने वाट बघावी लागेल.”

“आणि नाही लागू पडलं तर?”

“दुसरं औषध आहे. तेही नाही लागलं तर तिसरं आहे. पण आधी हे मनापासून घ्या.”

त्या औषधानं काय होतं ते आधी कळलेलं बरं. हात थरथरायचे, कप बशीवर वाजायचा. गालावर आणि कपाळावर लव वाढली. हिरड्या सुजल्या. रक्तदाब वाढला, त्याची वेगळी गोळी लागली. मूत्रपिंडांवर ताण येतो म्हणून क्रिएटिनिन सारखं तपासायचं आणि औषधाचं रक्तातलं प्रमाणही. संसर्ग पटकन होतो, म्हणून मास्क, गर्दी बंद, पाहुणे दारातून परत. सारखं रक्त घेतल्यानं शरीरात लोह साठत होतं, ते बाहेर काढायची गोळी निराळी. लोहाच्या गोळ्या मी किती मन लावून खाल्ल्या होत्या ते आठवून तेव्हा हसू आलं.

आणि वाट बघणं. दर आठवड्याला तपासणीला रक्त द्यायचं, वेटिंग रूममध्ये निळ्या खुर्चीवर बसायचं. कुणाचं नाव पुकारतात ते ऐकायचं. रिपोर्ट घेताना मी आधी हिमोग्लोबिन बघत नसे. रेटिक बघायची. फेब्रुवारी गेला, काही नाही. मध्ये दोनदा रक्त चढवलं, दोन्ही वेळा ते मिरजेहून आणायला लागलं. अजित मला धीर द्यायचे, पण रिपोर्ट आला की ते आधी स्वच्छतागृहात जाऊन यायचे. तोंड धुऊन आलेलं कळायचं.

एकदा मी आत्तींना म्हटलं, “माझं काही झालं तर मृणालचं—” त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “तिचं तू बघणार,” म्हणाल्या. “मी म्हातारी हाय, मला जमायचं न्हाय. तू गोळी घे.”

मार्चच्या शेवटी एका दुपारी मॅडमचा फोन आला. त्या स्वतः कधी फोन करत नाहीत.

“रिपोर्ट माझ्यासमोर आहे,” त्या म्हणाल्या. “रेटिक दोन टक्के.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वैशालीताई, ऐकताय ना? मॅरो जागा झालाय.”

आत्ती समोर बसून तांदूळ निवडत होत्या. मी फोन ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. त्या घाबरून उठल्या, सूप उलटं झालं, तांदूळ घरभर. “काय झालं? बोल की गं!” मी कसंबसं म्हटलं, “आत्ती, रक्त व्हायला लागलंय.” त्या माझ्याजवळ खाली बसल्या. मग आम्ही दोघी त्या सांडलेल्या तांदळात बसून हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर रक्त चढवायची गरज लागली नाही. हिमोग्लोबिन हळूहळू आठ, नऊ, मग अकराच्या पुढं गेलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी वर्गावर गेले. सायक्लोस्पोरिन चालू आहे, मात्रा कमी केली आहे. ते कधी थांबेल, थांबल्यावर मॅरो पुन्हा रुसेल का, हे मॅडमही छातीठोक सांगत नाहीत. वर्षातून एकदा छातीचा स्कॅन करायचा आहे. मी बरी झाले असं म्हणण्यापेक्षा बरी आहे, असं म्हणते.

मी डॉक्टर नाही, पण एवढं नक्की सांगेन. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते का कमी आहे, हे विचारा. लोहाची गोळी घेऊन महिनाभरात आकडा हलला नाही तर गोळी बदलून मागू नका, रेटिक काउंट करायचा का ते विचारा. घरच्यांना, त्यांच्या उपासाला, त्यांच्या स्वयंपाकाला दोष देऊ नका. आणि निरोगी असाल तर रक्त द्या. माझ्या अंगात कितीतरी माणसांचं रक्त वाहून गेलं आणि त्यांतल्या एकाचंही तोंड मी बघितलेलं नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते. शेजारच्या खुर्चीवर माझ्यापेक्षा लहान एक बाई बसली होती, कागदासारखी पांढरी. हातात बोन मॅरोचा रिपोर्ट, त्यावर माझ्याच दुखण्याचं नाव. माझा मास्क आणि हाताची थरथर ती बराच वेळ बघत होती.

“तुमास्नी बी हेच हाय का?” तिनं विचारलं.

“हेच.”

“बरं हुतंय का हो ह्यातनं? खरं सांगा.”

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि तिला घाबरवायचंही नव्हतं. मी म्हटलं, “वेळ लागतो. मधे वाटतं, नाही होणार. माझ्या छातीतली गाठ काढली, तरी रक्त झालं नव्हतं. गोळ्या अजून चालू आहेत, पुढंही राहतील बहुतेक. पण मी आज ह्या तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं आले.”

“जिन्यानं?”

“जिन्यानं. मधे थांबले नाही.”

मग आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली, दोन पावलं गेली आणि मागं वळली.

“मी भाईर येईस्तवर हितंच बसा की,” म्हणाली.

माझं काम कधीच झालं होतं. मी बसून राहिले.